आतून लिंपलेलं झाड

साल एकोणीसशे नव्याण्णव. मला त्रेसष्टावं लागलं होतं. गुडघे सोडले तर बाकी सगळं शरीर जागेवर होतं, आणि गुडघे दुखतात हे मी घरात कुणाला कळू दिलं नव्हतं.

दिल्लीच्या द्वारकेतल्या सोसायटीत राहायला येऊन आम्हाला वर्षही झालं नव्हतं. त्याआधी माझी सगळी नोकरी कोपर्निकस मार्गावर, आपल्या राज्याच्या जुन्या अतिथिगृहात गेली. सुतार म्हणून लागलो, सुतार म्हणूनच निवृत्त झालो. शाळा म्हणाल तर तिसरीपर्यंत. पण त्या इमारतीत पावसाळ्यात फुगून अडकलेलं आणि मी सरळ न केलेलं असं एकही दार नव्हतं. बढतीसाठी अर्ज भरा म्हणून साहेबलोक मागे लागायचे. मी भरला नाही. माझं काम बघून ज्याला कळत नाही त्याला कागद बघून काय कळणार?

निवृत्त झालो तेव्हा दिल्लीला नव्या घरांचा ताप चढला होता. द्वारका, नोएडा, गुडगाव, बघावं तिकडे सोसायट्या उठत होत्या. पुण्या-मुंबईची पोरं मोठ्या पगारावर कंपन्यांत येत होती आणि प्रत्येकाच्या बायकोला मासिकातल्या फोटोसारखं स्वयंपाकघर पाहिजे होतं. "काका, मॉड्युलर हं, बिल्कुल असंच." सागाचं नाव कुणी काढत नव्हतं. सगळं प्लायवूड, वरून चकचकीत कातडं चिकटवलेलं. मी नाक मुरडायचो आणि करून द्यायचो. पण माझ्या हातचं कपाट कधी वाकलं नाही.

आम्हाला एकच मुलगी. ती कॉलेजात प्राणिशास्त्र शिकली आणि पक्ष्यांच्या मागे लागली. अरुणाचलात, आसामच्या हद्दीला लागून एक राखीव जंगल आहे, तिथं धनेश नावाच्या मोठ्या पक्ष्याची घरटी शोधून त्यांच्यावर नजर ठेवायची, हे तिचं काम. सोसायटीत कुणी विचारलं की बायको सांगायची, "रिसर्चला आहे." मी सांगायचो, "झाडाखाली बसते." मला त्यात कमीपणा वाटत नव्हता. पण कळतही काही नव्हतं.

त्या चैत्रात ती आठ दिवस घरी आली. आमच्या बैठकीच्या खोलीत मी भिंतभर कपाट केलं होतं. तिनं त्याच्या दारावर हात फिरवला आणि विचारलं, "बाबा, ही प्लाय कुठल्या झाडाची?"

"होलाँग. तुमच्याच तिकडची. आता तिकडची तोड बंद झाली म्हणतात. हा माल मी जपून ठेवलेला होता."

"तुम्ही होलाँग बघितलाय?"

"अगं, त्या लाकडावर हात चालवून माझी बोटं झिजली. तू मला विचारतेस?"

"लाकूड नाही हो. झाड. उभं झाड."

 बायको भाजी निवडत होती, ती लगेच म्हणाली, "कुठलं बघतायत? जन्मभर मेलेलीच झाडं बघितली त्यांनी. कीर्तीनगरच्या वखारीत."

"मग येतो बघायला," मी म्हणालो.

मुलगी हसली. "तुम्हाला जमायचं नाही, बाबा. तिकडे जळवा आहेत. तिन्ही त्रिकाळ भात आणि उकडलेला पाला. आणि मुख्य म्हणजे बोलायचं नाही."

'जमायचं नाही' हे तिनं म्हणायला नको होतं. आठव्या दिवशी ती निघाली तेव्हा तिच्या शेजारच्या बर्थवर मी होतो.

प्रवासाचं फार सांगत नाही. दोन रात्री गाडीत, मग बस, मग जीप, मग एक नदी. तिकडे शिरायला परवाना लागतो, तो मुलीनं दिल्लीतच काढून ठेवला होता. नदी गुडघाभर पाण्यातून चालत ओलांडायची. पाणी बर्फासारखं. दुखरे गुडघे तिथं बधिर झाले, म्हणून मी कुणाच्याही हाताचा आधार न घेता पलीकडे गेलो आणि वर म्हणालो, "बघ."

आणि मग जंगल.

मी सातारा जिल्ह्याच्या कोरड्या अंगाचा माणूस. जंगल म्हणजे माझ्या डोक्यात करवंदीच्या जाळ्या, साग, ऐन, मध्ये मध्ये उघडं आभाळ. इथं आभाळच नव्हतं. वर पानांवर पानं, त्यांच्यावर आणखी पानं, आणि खाली जो उजेड पोचत होता तो हिरव्या काचेतून आल्यासारखा. झाडाला वेल, वेलाला शेवाळ, शेवाळात आणखी कसलीतरी बारकी झाडं. कुठं झाड संपतं आणि कुठं दुसरं सुरू होतं ते समजेना. जमीन पायाखाली गादीसारखी दबायची. आणि वास! ताजा रंधा मारल्यावर ओल्या लाकडाला येतो तो वास, पण आख्ख्या डोंगराला.

मुलगी एके ठिकाणी थांबली. म्हणाली, "हा घ्या तुमचा होलाँग."

मी बघितलं. खोड सरळ वर गेलं होतं. किती सरळ, तर ओळंबा लावून उभं केल्यासारखं. खाली एक फांदी नाही, एक गाठ नाही. वर बघता बघता माझी टोपी मागे पडली तरी फांद्या सुरू झाल्या नव्हत्या. अतिथिगृहाचे सगळे मजले एकावर एक ठेवून वर तेवढेच पुन्हा रचले असते तरी ते झाड उंच ठरलं असतं. चार माणसांनी हात धरले तर कवेत आलं असतं. मी आयुष्यात या झाडाचे पापुद्रे हाताळले होते, कागदासारखे सोललेले, एकावर एक डकवलेले.  बायको तिथं असती तर तिनं देवाला नारळ फोडला असता.

तेवढ्यात डोक्यावरून आवाज आला. घस्स, घस्स, घस्स. मोठी करवत दोघांनी धरून ओंडका कापायला लागावं, तसा.

"कोण कापतंय?" मी ओरडलो. "तोड बंद आहे ना?"

मुलीनं मला गप्प केलं आणि वर बोट दाखवलं. पानांच्या फटीतून एक पक्षी गेला. पक्षी म्हणू का काय म्हणू? पंखांचा पसारा माझ्या दोन्ही हातांएवढा, काळा, मध्ये पांढरे पट्टे, आणि पुढे पिवळी चोच, त्या चोचीवर आणखी एक शिंगासारखं पिवळं टोपण. त्या पंखांतून करवतीचा आवाज येत होता.

"राजधनेश," मुलगी म्हणाली. "त्याच्या पंखांचाच आवाज तो. नुसता उडतोय."

मी टोपी उचलली, झटकली, पण डोक्यावर घालायचं विसरून तशीच हातात धरून चालत राहिलो.

मुलीचा मुक्काम ओढ्याकाठी, बांबूच्या झोपडीत. तिथं एक माणूस होता, साधारण माझ्या वयाचा, बुटका, पिळदार. कमरेला लांब सुरा. डोक्यावर वेताची टोपी, आणि त्या टोपीवर पुढच्या बाजूला धनेशाची खरी चोच बसवलेली, जुनी, पिवळी पडलेली. मुलगी त्याला काका म्हणायची. ती दिल्लीला आली होती तेवढे दिवस घरट्यावर तोच नजर ठेवून होता. तो पूर्वी शिकारी होता आणि आता पक्षी राखायच्या कामावर होता, हे तिनं मला वाटेतच सांगून ठेवलं होतं, म्हणजे मी टोपीवरून काही बोलू नये म्हणून.

त्याची हिंदी माझ्यापेक्षा वाईट होती, त्यामुळे आमचं लगेच जमलं.

"आप क्या काम करता है?" त्यानं विचारलं.

"मिस्त्री. लकडी का."

"अच्छा! हम भी लकडी का. पहले काटता था. अभी बैठके देखता है." आणि तो इतका हसला की त्याचे राहिलेले चारही दात दिसले. मग माझ्या पायाकडे बघून म्हणाला, "आपका खून पी रहा है."

खाली बघितलं तर पोटरीवर तीन जळवा. त्यानं त्या चिमटीनं अशा काढल्या जशी आपण कपड्यावरची कुसळं काढतो. त्या दिवसापासून मीही त्याला काकाच म्हणायला लागलो. तोही मला काकाच म्हणायचा.

दुसऱ्या दिवशी उजाडताना आम्ही तिघं घरट्याकडे निघालो. तिकडे दिवस लवकर उगवतो. आपल्याकडे दूधवाला यायच्या वेळेला तिथं चांगला उजेड असतो. वाटेत हत्तीची ताजी लीद दिसली, वाफ निघणारी. काकानं हवेत नाक वर केलं, मग वाट सोडून आम्हाला वळसा घालून नेलं. हत्ती मला दिसले नाहीत. पण डावीकडच्या बांबूत काहीतरी एवढं मोठं मोडत होतं की मी मुलीच्या मागे न राहता तिच्या पुढे जाऊन चालायला लागलो. तिला वाटलं मी धीट आहे.

घरट्याचं झाड होलाँगपेक्षा जाड होतं, पण रूप वेगळं. बुंध्यापासून मुळं भिंतींसारखी उभी बाहेर आलेली, माझ्या डोक्याच्या वरपर्यंत उंच, फळीएवढी पातळ. मुलीनं मला दुर्बीण दिली. पाच-सहा मजले वर खोडाला एक ढोली होती. पण ढोलीचं तोंड उघडं नव्हतं. ते चिखल लिंपल्यासारखं बंद होतं, आणि मधे उभी फट, पटाशीनं खाच पाडावी तेवढी. त्या फटीत एक पिवळं टोक हललं.

"मादी आत आहे," मुलगी कानाशी कुजबुजली. "दीड महिना झाला. आत गेली आणि तिनं स्वतःच आतून तोंड लिंपून घेतलं. अंगावरची उडायची पिसं झडली आहेत तिची. बाहेर आली तरी उडू शकणार नाही. आता पिल्लू निघालंय, आवाज येतो. नर दिवसातून चार-पाच वेळा फळं आणतो आणि त्या फटीतून भरवतो. तो आणेल तेवढंच त्या दोघांना."

मी विचारलं, "आणि यांना हीच जागा का?"

"पोकळ खोड लागतं ना. तुमचे चांगले चांगले होलाँग पोकळ होत नाहीत. हे होतं."

मग तिनं नियम सांगितले. बोलायचं नाही, खोकायचं नाही, हलायचं नाही. माझा पांढरा सदरा आधीच उतरवून तिनं मला मातकट रेनकोट घातला होता. ती पुढे, साठ पावलांवर, ताडपानांच्या आडोशात वही घेऊन बसली. काकाला आणि मला तिनं झाडाच्या बाजूच्या अंगाला, लांब बसवलं, तिथून ढोली तिरकी दिसत होती.

बसलो. एक तास बसलो, मोठी गोष्ट आहे. मग गुडघ्यात कळ आली. काका पाय चाचपत जळवा शोधत होता. मी हळूच उठलो, काकानं दिलेली बांबूची काठी घेतली, दोन-चार पावलं टाकली, आणखी टाकली, आणि चालता चालता त्या भिंतीसारख्या मुळापाशी येऊन उभा राहिलो.

जवळून लाकूड बघितलं. साल खरवडलेल्या एका ठिकाणी नखानं दाबलं. पांढरं, मऊ, पाणीदार. मला हसू आलं. हे खोक्याचं लाकूड! चहाची खोकी, आगपेटीच्या काड्या, प्लायच्या पोटात भरायची भरताड. याचा पाटसुद्धा मी कुणाला करून दिला नसता. एवढा राजासारखा पक्षी, आणि घर घेतलं ते यात.

आता सुतार लाकूड पसंत करतो ते ठोकून. डोळ्यांना फसवता येतं, कानाला येत नाही. वखारीत मी प्रत्येक ओंडका ठोकायचो. टणक वाजला तर घ्यायचा, बद्द वाजला तर सोडायचा. चाळीस वर्षांची सवय. लाकूड समोर आलं की हात उठतोच. माझा उठला. काठीच्या जाड बाजूनं मी त्या मुळावर तीन ठोके दिले.

झाडातून नगारा वाजला. खोटं सांगत नाही, देवळातल्या नगाऱ्यासारखा. ती पातळ मुळाची भिंत कातड्यासारखी घुमली, तो आवाज पोकळ खोडातून वर गेला आणि सगळ्या रानात पसरला. माकडं किंचाळली. आणि समोरच्या झाडावरून घस्स घस्स करत नर उडाला. तो नुकताच येऊन बसला होता. गळा फळांनी फुगलेला मी स्वतः बघितला. तो उडाला तो थेट डोंगरापलीकडे. वर फटीतलं पिवळं टोक आत गेलं.

मुलगी आडोशातून बाहेर आली. तिच्या चेहऱ्यावर रंग नव्हता.

"बाबा, काय केलंत?"

"ठोकून बघितलं."

"का?"

"लाकूड आहे ते."

तिनं हातातली वही मिटली. मी कुठं ऐकणार? म्हणालो, "अगं, एवढ्यानं काय होतं? द्वारकेत डोक्यावरून विमानं जातात, गॅलरीतली कबुतरं हलत नाहीत."

"ती कबुतरं आहेत," ती म्हणाली. "त्यांच्यावर कुणी कधी बंदूक चालवली नाही. ठोका ऐकला म्हणजे माणूस आला, एवढं नराला माहीत आहे. कधी कधी जागा सोडून जातात, बाबा. आणि ती आत आहे."

एवढंच बोलून ती पुन्हा आडोशात गेली. माझ्यावर ओरडली असती तर मीही ओरडलो असतो आणि बरं वाटलं असतं.

काकानं माझ्या हातातली काठी काढून घेतली आणि मला दंडाला धरून जागेवर आणून बसवलं.  मग त्यानं टोपी काढून मांडीवर ठेवली, त्या चोचीवर बोट फिरवलं आणि अगदी हलक्या आवाजात सांगितलं.

"ये हम मारा. तब जवान था. मर्द को मारा, फल लेके आता था. टोपी के लिए. बहुत खुश हुआ." थोडा थांबला. "हमको मालूम नहीं था, औरत अंदर है. सात-आठ दिन बाद उसी रास्ते गया. अंदर से आवाज आता था. छोटा-छोटा. अगले दिन फिर गया, तो नहीं आता था."

मी म्हणालो, "फोडके निकालने का था."

"पेड ऊँचा. और तब हम सोचा, चिडिया है." त्यानं टोपी पुन्हा डोक्यावर ठेवली. "अब सोचता है."

नर कधी येईल ते मी विचारलं नाही. विचारायला तोंड नव्हतं. बसून राहिलो. मी सांगतो, माझ्या सबंध आयुष्यात मी इतका वेळ हाताला काम नसताना आणि तोंडाला शब्द नसताना बसलेलो नाही. माझ्या डाव्या मनगटावर जळू चढली, रक्त पिऊन फुगली, आपोआप गळून पडली. मी हललो नाही. उजेड सरकत गेला. झाडावरून एक मोठी खार गेली, मांजराएवढी, काळी-पिवळी, शेपटी हातभर. एरवी मी मुलीला हाक मारून दाखवली असती. लांब शेपटीच्या माकडांची टोळी आली, त्यातल्या एका आईनं पोराला पोटाशी धरून आमच्यावरून उडी मारली. वर कुठंतरी पाऊस पडून गेला आणि त्याचं पाणी पानापानांवरून उतरत आमच्यापर्यंत अर्ध्या तासानं पोचलं. हे सगळं चालू होतं आणि कुणाला आमची पर्वा नव्हती. दिल्लीत मी ज्या घरात शिरलो तिथं 'मिस्त्री आले' म्हणून खुर्ची सरकवायचे. इथं मी एक ओला दगड होतो, तोही आगाऊ.

पण मन सगळं त्या फटीत. चार बोटांच्या त्या खाचेमागे एक बाई मिट्ट अंधारात पोराला घेऊन बसली आहे आणि बाहेर काय झालं ते तिला समजायला मार्ग नाही. एकदा वाटलं, मुलीला म्हणावं, मला दोर द्या, मी पटाशी घेऊन चढतो. मग वाटलं, उघडलं तरी ती जाणार कुठं? उडता येत नाही तिला. तिनं दार लावलं ते कुणाच्या तरी भरवशावर. मी उभ्या आयुष्यात इतकी दारं बसवली, पण आत राहणाऱ्याचा भरवसा बाहेरच्यावर असलेलं दार हे पहिलंच बघत होतो.

दुपार झाली. दोन वाजले, अडीच वाजले. मुलीनं एकदा मान वळवून आमच्याकडे बघितलं. डबा तसाच होता. काकानं डोळे मिटले होते, पण झोपला नव्हता.

तीन वाजायला आले तेव्हा काकानं माझ्या मांडीवर हात ठेवला. मला काही ऐकू आलं नव्हतं. मग आलं. लांबून, डोंगराच्या अंगानं. घस्स. घस्स. घस्स.

तो एकदम झाडावर आला नाही. आधी लांबच्या फांदीवर बसला. मान वाकडी करून एका डोळ्यानं खाली बघितलं. तो डोळा लाल होता आणि मी शपथेवर सांगतो, त्यानं मला बघितलं. मी श्वास धरला. मग तो जवळच्या फांदीवर आला. पुन्हा थांबला. शेवटी पंख पसरून आला आणि ढोलीशेजारी खोडाला धरून लटकला.

फटीतून ते पिवळं टोक बाहेर आलं.

त्यानं मान मागे टाकली, गळ्यातून एक फळ वर काढलं, चोचीच्या अगदी टोकाशी धरलं आणि फटीत दिलं. तिनं घेतलं. दुसरं. तिसरं. तांबडी, जांभळी, अंजिरासारखी. हातभर लांबीची अवजड चोच, आणि टोकाशी बोराएवढं फळ, आणि ते न दाबता, न फोडता खाचेत नेमकं सरकवायचं. आम्ही कूस आणि साल, म्हणजे सांध्याची जीभ आणि तिची खाच, जुळवतो तेव्हा दोनदा रंधा मारतो, तीनदा बसवून बघतो. हा एकदाही चुकत नव्हता. एकच फळ निसटलं आणि खाली पानांत पडलं. त्यानं तिकडे बघितलंही नाही. गळ्यातून पुढचं काढलं. एवढ्याशा गळ्यात किती साठवलं होतं! मी मनात मोजत होतो आणि एकवीसच्या पुढे मला दिसेनासं झालं. डोळ्यांत घाम गेला असेल.

सगळं दिल्यावर तो क्षणभर तसाच लटकून राहिला. आतून चोच आली आणि त्याच्या चोचीला हलकेच लागली. टक्. मग तो उडाला.

परत येताना मुलगी माझ्याशी बोलली. "आला, पण बिचकलेला आहे. एरवी असा लांबून अंदाज घेत घेत येत नाही. उद्या उजाडताना नेहमीच्या वेळेला आला तर समजायचं त्यानं जागा धरली."

"आणि नाही आला तर?"

"तर बघू." पण बघण्यासारखं काही नसतं, हे मला काकानं सांगून झालं होतं.

झोपडीत भात खाताना मी दोनदा तोंड उघडलं. 'चुकलं' हा शब्द मी साहेबांपुढे कधी म्हटला नाही, बायकोपुढे नाही. तिथंही नाही निघाला. निघालं ते वेगळंच. मी पोटच्या पोरीला विचारलं, "उद्या मी येऊ का?"

तिनं माझ्याकडे नीट बघितलं. मी आजवर तिला 'करू का' असं कधी विचारलं नव्हतं, सांगितलंच होतं.

"मला ओढ्यापलीकडचं दुसरं घरटं बघायचंय," ती म्हणाली. "तुम्ही आणि काका जा. परत येताना मला ओढ्यावर भेटा."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी काकाच्या आधी उठलो. चहा घेतला नाही, खोकला येतो म्हणून. कालच्या ओल्या बुटांत पाय घातले आणि काठी न घेता निघालो. मुलीच्या आडोशात आम्ही दोघं मांडीला मांडी लावून बसलो तेव्हा हाताची रेघ दिसत नव्हती. पानं काळ्याची राखाडी झाली. राखाडीची हिरवी झाली. मी तोंडावर पंजा दाबून धरला होता. आणि खोडावरची फट नुकती ओळखू यायला लागली तोच डोंगराच्या अंगानं करवत सुरू झाली. या वेळी तो लांबच्या फांदीवर थांबला नाही. सरळ आला आणि ढोलीला लटकला.

तो गेल्यावरही आम्ही बसून राहिलो. तो पुन्हा आला, तेव्हा उठलो.

ओढ्याला वर पाऊस होऊन पाणी वाढलं होतं. मुलगी पलीकडच्या काठावर उभी होती, वही छातीशी धरून. ती ओरडून काहीतरी विचारत होती, पण पाण्याच्या आवाजात शब्द पोचत नव्हता. मी दगडावर चढलो. पहिल्या खेपेची फळं सांगायला दोन्ही हात वर केले आणि दहा बोटं उघडली. मिटली. पुन्हा दहा. पुन्हा दहा. मग चार.

मागून काका म्हणाला, "पाँच. एक नीचे गिरा. लाया तो वो भी था."

मी अंगठा उघडला.